एका ठशाचे चार रंग

श्रावण लागला की देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवावयाचा, ही चाल आपल्या बहुतेक घरांतून अजून टिकून आहे. एका चौकटीत खांबातून प्रगटलेला नरसिंह, दुसरीत कालियाच्या फणांवर उभा राहिलेला कृष्ण, तिसरीत मुलेबाळे खेळविणाऱ्या जरा आणि जिवंतिका, चौथीत बुध आणि बृहस्पती. आपण हा कागद बाजारातून आणतो, शुक्रवारी आघाड्याची माळ घालून त्याची पूजा करतो, पुरणाचा नैवेद्य दाखवितो. परंतु तो छापला कसा असेल, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्या लहानपणी घरी जो कागद येई, त्यात जिवतीच्या लुगड्याचा तांबडा रंग काठाबाहेर भातभर सांडलेला असे. तो दोष आहे असे आम्हांस कधी वाटलेच नाही. तिच्या तेजाचाच तो एक भाग असावा अशी आमची समजूत होती. तो रंग का सांडतो हे कळावयास आम्हांस साठी ओलांडावी लागली. आणि कळले तेही साजगावच्या आमच्या जुन्या घराच्या ओटीवर, पुतणीच्या हाताखाली उमेदवारी करताना.

साजगाव म्हटले की खालापूर आणि कर्जत या दोन्ही तालुक्यांतील माणसांस प्रथम आठवते ती कार्तिक महिन्यातील विठोबाची यात्रा. या यात्रेत सुक्या मासळीचा बाजार एवढा मोठा भरतो की लोकांनी देवालाच 'बोंबल्या विठोबा' असे नाव देऊन टाकले. आमच्या घरातील वडील माणसांची या नावाने मोठी पंचाईत होई. देव तर आपला, आणि नाव तर जिभेवर आणता येत नाही! ती बिचारी 'आपला विठोबा' एवढेच म्हणून वेळ मारून नेत. खोपोली येथून हाकेच्या अंतरावर. पूर्वेस पाहावे तर सह्याद्रीची भिंत उभी आणि तिच्या माथ्यावर नागफणीचा सुळका. आमच्या ओटीवरून तो सुळका बरोबर विहिरीवरच्या फणसाच्या डोक्यावर दिसे.

त्याच भिंतीच्या वर, लोणावळ्याच्या पलीकडे, मळवली आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत चित्रे छापण्याचा कारखाना काढला, तो पुढे काही वर्षांनी मळवलीस नेला. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला यांची जी चित्रे आपल्या आजोबांच्या काळी घरोघर चौकटीत बसली, त्यांतील किती तरी या घाटमाथ्यावरच्या कारखान्यातून आली. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि १९७२ साली आगीत सापडला. त्याच्याही आधी, १८७८ साली, पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनी चित्रशाळा काढून देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची रंगीत चित्रे छापावयास आरंभ केला होता. या दोन्ही ठिकाणचे काम शिळाछापाचे; म्हणजे प्रत्येक रंगास निराळा दगड. एका चित्रास जितके रंग, तितके दगड, आणि प्रत्येक दगडावरचा रंग मागच्या रंगावर अचूक बसला पाहिजे. जपानातील लाकडी ठशांच्या रंगीत चित्रांतही हाच प्रकार. रंगागणिक निराळी फळी. आमची पुतणी जी रीत शिकली होती ती याहून निराळी. तीत सगळ्या रंगांस मिळून ठसा एकच.

हे कसे? ऐकावयास कोड्यासारखे वाटते, पण युक्ती सरळ आहे. ठशातील जो भाग कोरून काढावा, तेथे शाई लागत नाही व कागद कोरा राहतो. प्रथम चित्रात जे पांढरे हवे तेवढेच कोरावे आणि ठशाच्या उरलेल्या सर्व पृष्ठभागास सर्वांत फिका रंग, समजा पिवळा, लावून जितक्या प्रती पाहिजेत तितक्या एकदमच छापून घ्याव्या. मग जे पिवळे ठेवावयाचे, तेवढे त्याच ठशातून कोरून टाकावे, आणि उरलेल्या भागावर पुढचा, अधिक गडद रंग लावून तो त्याच कागदांवर पिवळ्यावर छापावा. पुन्हा कोरावे, पुन्हा छापावे. प्रत्येक रंगागणिक ठसा झिजत जातो आणि चित्र भरत जाते. शेवटच्या काळ्या रंगाच्या वेळी ठशावर चार रेघा आणि दोन सावल्या काय त्या उरतात.

यात एक मोठी मेख आहे. दुसऱ्या रंगासाठी कोरणी चालविली की पहिल्या रंगाचा ठसा नाहीसा झाला. मागाहून एक प्रत कमी पडली तर ती ब्रह्मदेवासही काढून देता येणार नाही. पाश्चात्य कारागीर म्हणूनच या रीतीस थट्टेने आत्मघाती ठसा म्हणतात. स्पेनचा विख्यात चित्रकार पिकासो याने दक्षिण फ्रान्समधील वालोरिस गावी हिदाल्गो आर्नेरा या मुद्रकाच्या साह्याने १९५९ पासून ही रीत हाताळली, आणि तेव्हापासून तिची प्रसिद्धी झाली. त्याच्या आदल्या वर्षी त्याने एका तरुणीचे चित्र रंगागणिक निराळे ठसे कोरून केले होते. ते सगळे एकमेकांवर बसविण्याचा त्याला कंटाळा आला असे सांगतात. रीत त्याच्या आधीचीच होती. परंतु मोठ्या माणसाने हात लावला की वस्तूचे नाव होते, हा जगाचा न्याय येथेही दिसतो.

आता आमची हकीकत. साजगावचे घर गेल्या फाल्गुनात उतरविले. वाशांना वाळवी लागली होती, आणि आत्याबाईंखेरीज तेथे बाराही महिने कोणी राहत नव्हते. त्या सव्वीस पावसाळे एकट्याने त्या घरी राहिल्या. आता ठाण्यास आमच्याकडे असतात. घर उतरविण्याचे ठरले तेव्हा त्या आधीच्या भाद्रपदात गणपतीस सगळी पाती एकत्र जमली, आणि प्रत्येक घरी या वास्तूचे काही तरी चित्र असावे असे निघाले. मोबाईलमध्ये छायाचित्रे हजार होती. पण ती भिंतीवर लावावी असे कोणास वाटेना. तेव्हा पुतणी म्हणाली, "काका, आपण ठसा कोरू. सगळ्यांनी मिळून. मी शिकवीन."

पुतणीने पहिला प्रश्न विचारला तो रंगांचा नव्हे, कागदांचा. "किती छाप काढायचे ते आत्ता सांगा. नंतर एकही वाढणार नाही." आम्ही बोटे मोजली आणि म्हटले, सात घरे, सात छाप. आत्याबाई वाती वळीत बसल्या होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "आठ."

आठवे घर खालच्या आळीतले, आमच्या चुलत बंधूंचे. त्यांचा आमचा विहिरीच्या वाटेवरून अकरा वर्षे अबोला होता. कज्जा कोर्टात जाऊन आला, वाट मोकळी झाली, पण तोंडे मोकळी झाली नाहीत. ओटीवर कोणी काही बोलेना. धाकट्या बंधूंनी घसा खाकरून पाहिला. आत्याबाई म्हणाल्या, "द्यायचा की नाही ते तुम्ही मागाहून ठरवा. पण आज मोजला नाहीत, आणि उद्या द्यावासा वाटला, तर द्याल काय?" यावर कोणापाशीच उत्तर नव्हते. पुतणीने आठ आकडा लिहिला, आणि नवशिक्यांचे हात लक्षात घेऊन तीत सहा मिळविले. चौदा कागद कापले.

कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा होता. ही संस्था गांधीजींच्या प्रेरणेने १९४० साली निघाली. हातकागद म्हटला की आपल्याकडे जुन्नर आणि दौलताबादजवळचे कागजीपुरे ही नावे जुनी माणसे घेतात. ज्या कागदावर पेशवाईचे दफ्तर लिहिले गेले तो याच जातीचा. हाताने घासून छापावयाचे असेल तर कागद फार जाड नसावा, कारण शाई त्यात ओढून घेण्यास बळ फार लागते. जाड कागद ओलसर करून वापरतात. पण ओला कागद फुगतो, वाळला की आखडतो, आणि चार रंगांच्या कामात एवढा फरक चित्र बिघडविण्यास पुरे होतो. आम्ही पातळ कागद कोरडाच वापरला.

ठसा लिनोलियमचा. वास्तविक ही जमिनीवर अंथरावयाची वस्तू. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज गृहस्थाने १८६०च्या सुमारास ती शोधून काढली. जवसाचे तेल हवेत घट्ट होऊन रबरासारखे झाले की त्यात बुचाची भुकटी कालवून ते तागाच्या कापडावर थापतात. नावही लॅटिन भाषेतील जवस आणि तेल या दोन शब्दांचे केलेले. लाकडास असतात तशा शिरा यात नसल्यामुळे कोरणी कोणत्याही दिशेस सारखीच चालते. म्हणून व्हिएन्नात फ्रान्झ सिझेक या शिक्षकाने विसाव्या शतकाच्या आरंभी ती मुलांच्या वर्गात आणली, आणि आपल्याकडे नंदलाल बोस यांनी १९३० साली दांडीच्या वाटेवर निघालेल्या गांधीजींचे ते सर्वश्रुत चित्र लिनोवरच कोरले. मुंबईत अंधेरीस राहून चित्तप्रसाद या बंगाली चित्रकाराने कष्टकऱ्यांची आणि मजुरी करणाऱ्या मुलांची चित्रे लिनोत कोरली. त्यांतील काळ्यापांढऱ्याचे बळ ज्याने एकदा पाहिले तो ते विसरत नाही. छापण्याची शाईही जवसाच्याच तेलात घोटलेली. म्हणजे ठसाही जवसाचा आणि शाईही जवसाची! विदर्भात ज्याची आपण चटणी करून भाकरीबरोबर खातो त्या बियांचा हा पराक्रम.

आठ इंच रुंद आणि बारा इंच लांब अशी लादी घेतली. पुतणीने ओटीवर बसून घराचे चित्र काढले आणि ते लादीवर उतरविले. आत्याबाईंनी चष्मा पुसून पाहिले व म्हणाल्या, "विहीर इकडे कधी आली?" चूक मुलीची नव्हती; ठशावर सर्व उलटे काढावे लागते हे ती आम्हांस समजावून सांगत होती, तो त्यांनी पाहिले होते. आरशात पाहिल्यावर विहीर जागच्या जागी गेली आणि त्यांचे समाधान झाले.

कोरण्यास दोन हत्यारे पुरतात: बारीक रेघेसाठी त्रिकोणी धारेची कोरणी आणि मोठा भाग उकरण्यासाठी पन्हळीसारखी गोल कोरणी. लादी थंड असली तर ती कडक होते व कोरणी घसरते. म्हणून ती थोडा वेळ उन्हात ठेवावी, ऊन नसेल तर कोमट इस्त्रीखाली धरावी. दुसरा हात नेहमी कोरणीच्या मागे ठेवावा, पुढे कधीही नाही. हा नियम आम्ही ऐकला, मान डोलावली, आणि पहिल्याच दिवशी डाव्या अंगठ्यास हळद बांधून घेतली.

शाई काचेवर काढून रबरी रूळाने सारखी पसरावयाची. ती किती असावी हे डोळ्यापेक्षा कानास अधिक कळते. शाई बेताची असली की रूळ फिरताना बारीक सर्र असा आवाज करतो; फार झाली की तो चपचप वाजू लागतो, आणि मग ती कोरलेल्या रेघांत उतरून बारीक काम बुजविते. ठशावर कागद ठेवून त्याच्या पाठीवर लाकडी डावाची पाठ गोल गोल घासावी. डाव स्वयंपाकघरातला होता. तो पुन्हा आत गेला नाही हे सांगावयास नकोच. आमच्या काकूंनी त्याबद्दल जे उद्गार काढले तेही येथे देत नाही.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे प्रत्येक रंग मागच्या रंगावर नेमका बसविणे. छापखान्यातील लोक यास रजिस्टर म्हणतात. पुतणीने एका फळीवर पुठ्ठ्याच्या दोन काटकोनी पट्ट्या कायमच्या चिकटविल्या. आतल्या काटकोनात ठसा बसावयाचा, बाहेरच्यात कागदाचा कोपरा. दर वेळी कागदाचा तोच कोपरा त्याच काटकोनास लावला तर चित्र हलत नाही. केसभर चुकला की तांबडा रंग काठाबाहेर सांडलाच. जिवतीच्या लुगड्याचे रहस्य ते हेच.

भाद्रपदात पिवळा रंग छापला. चुन्याची भिंत आणि वृंदावनापुढची रांगोळी एवढे पांढरे कोरले होते. चौदांपैकी दोन कागद आमच्याच हातून गेले. एकावर शाई विरळ बसली, दुसऱ्यावर आमचा अंगठा उमटला. बारा उरले. बाहेर पाऊस धो धो. कोकणच्या दमट हवेत तेलाची शाई वाळता वाळत नाही; कागद दोरीवर चिमट्यांनी टांगून पाच दिवस झाले तरी ती बोटास लागे. पुण्यास जावयाची घाई म्हणून आम्ही ते एकावर एक ठेवले, आणि नवरात्रात उघडून पाहतो तो त्यांतील दोन एकमेकांस असे चिकटले होते की सोडविताना दोन्ही फाटले. दहा.

दसऱ्यास हिरवा. त्याच्या आधी पिवळे ठेवावयाचे ते कोरावयाचे होते: आकाशाचा तुकडा, अंगणातले ऊन. ओटीवर एक शिसवी झोपाळा होता. तो चित्रात गडद यावयाचा, म्हणून त्याच्याभोवतालचे काही काही कोरून झोपाळा तेवढा राखावयाचा असे पुतणीने आम्हांस दोनदा सांगितले. आम्ही चष्मा लावून, जीभ दातांत धरून, मोठ्या काळजीने नेमका झोपाळाच कोरून काढला. कड्या, फळी, सगळे. पुतणी आली, तिने पाहिले, आणि क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "काका, आता तो पिवळाच राहणार." कागदावर चूक झाली तर खोडता येते, लाकडावर झाली तर भराव घालता येतो, येथे दोन्ही उपाय चालण्यासारखे नव्हते. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही हे कबूल करावयास हरकत नाही. ज्या झोपाळ्यावर आमच्या घरातील प्रत्येक मूल निजले, तो आमच्या हातून गेला असे वाटत राहिले.

दिवाळीस तांबडा. येथे पुतणीने एक गोष्ट दाखविली ती नवशिक्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हिरव्यावर तांबडा छापला की तो मळकट, तपकिरी होतो, कारण खालचा रंग वरून डोकावतो. तो झाकावयाचा तर शाईत थोडी पांढरी मिसळून ती दाट करावी. आम्ही थोडीच मिसळली. चार पावसाळे शेवाळ चढलेल्या मंगलोरी कौलांचा रंग जसा असतो तसाच मग छपरास आला. या वेळी एका नातवाने फळीवर कोपर टेकले आणि पट्टी सरकली. ते ध्यानात येईपर्यंत दोन कागद झाले होते. एक अगदीच गेला. दुसऱ्यात तांबडा रंग काठाबाहेर भातभर सांडला, पण चित्र राहिले. नऊ.

शेवटचा रंग निळसर काळा, कार्तिकात, यात्रा तोंडावर आली असताना. तो छापताना चित्र एकाएकी उभे राहते. त्याआधी नुसते डाग दिसत असतात. पहिला कागद उचलला तेव्हा सावली, खांब, विहिरीचा रहाट आणि मागे नागफणी, सगळे एकदम आपापल्या जागी आले. ओटीच्या अंधारात मधोमध झोपाळा पिवळा. आत्याबाईंनी कागद हातभर लांब धरला. "दिवेलागणीला असाच दिसायचा," एवढेच म्हणाल्या. आम्ही त्यावर विश्वास ठेवला नाही, पण बरे वाटले. नवापैकी एक कागद वाळत असता वाऱ्याने पडून तोंडावर आपटला. आठ राहिले, त्यांतील एक सांडलेल्या तांबड्याचा.

पुतणीने शिसपेन्सिलीने खाली आकडे घातले, एकाखाली आठ, दोनाखाली आठ, याप्रमाणे. सांडलेला कोणी घ्यावा यावर कुजबुज सुरू झाली. खालच्या आळीस तोच द्यावा असे एक मत पुढे आले. आत्याबाईंनी तो उचलून आपल्या ट्रंकेत ठेवला आणि विषय संपला. पण आत्याबाईंचा म्हणून जो होता तो आमच्या घरचाच. म्हणजे आता खालच्या आळीचा छाप देण्याचे कामही आमच्याकडेच आले.

यात्रेच्या तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. दादा ओटीवर वर्तमानपत्र वाचीत होते. आम्ही कागद पुढे केला. या, बसा, असे काही झाले नाही. त्यांनी तो घेतला, चष्मा शोधला, उजेडाकडे धरून पुष्कळ वेळ पाहिले.

"झोपाळा पिवळा का?"

"चूक झाली," आम्ही म्हटले.

"शिसवी होता तो." मग थोड्या वेळाने, "अजून एक निघेल का? नागपूरला धाकटीकडे पाठविला असता."

आता एकही निघत नाही, असे आम्ही सांगितले. ठसा झिजून गेला, त्यावर आता काळा तेवढा उरला आहे. दादांस हे काही पटले नाही. ठसा आहे आणि छाप निघत नाही, हे कसे काय, म्हणून त्यांनी दोनदा विचारले, आणि आमच्या समजावण्याने त्यांचा गोंधळ वाढलाच असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच ठसा पाहावयास वर आले. आत्याबाईंनी चहा टाकला. पुतणीने लादी आणून दिली, ती त्यांनी झोपाळ्यावर बसूनच हातात घेतली, आणि विहीर डावीकडे कशी गेली म्हणून तिला विचारू लागले.